बापाच्या बाजूने ‘कोसला’

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) कॉलेजात वाचली, ती सगळी पांडुरंग सांगवीकरच्या बाजूने. खानदेशातून पुण्याच्या होस्टेलात आलेला हा बुजरा मुलगा! त्याच्या फजितीला पोटभर हसलो, वडिलांवर मनसोक्त चिडलो. साठीनंतर परवा पुन्हा वाचली. जन्म बँकेत गेलेला. या खेपेस नजर गेली ती पांडुरंग उडवतो त्या पैशांवर. शेतीवरच्या बापाने ते कसे उभे केले असतील? धाकट्या मनीला देवी येऊन ती जाते, तिथे मात्र दोन्ही वेळा पुस्तक मिटून बसलो.

शेजाऱ्यांचा मुलगा यंदा कॉलेजात जातोय. त्याच्यासाठी हीच दिली. नायक नापास होतो, हेही सांगितले. शेजारी घुटमळले. म्हणाले, ‘आधी मीच वाचतो.’