गावच्या मैदानाचा ताळेबंद

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या उत्तरेस बरी नावाचे जुने गिरणगाव आहे. तेथील फुटबॉल क्लब १८८५ सालचा. १९०३ मध्ये एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीला ६-० असे नमविले. त्या विक्रमाची बरोबरी मँचेस्टर सिटीने मे २०१९ मध्ये केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरी क्लब लीगमधून बडतर्फ झाला. आर्थिक कारभार ढासळला, हे मुख्य कारण खरेच. परंतु शेजारच्या दोन धनाढ्य क्लबांच्या छायेत लहान क्लबाची मिळकत तुटपुंजीच राहते.

व्यापाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. मोठ्या पेढीस एक गिऱ्हाईक कमी झाल्याचे कळतही नाही. गावच्या दुकानाचे तेच भांडवल असते. पुढे चाहत्यांच्या पुढाकाराने बरीचे गिग लेन मैदान परत मिळाले आणि २०२३ मध्ये तेथे क्लबचे सामने पुन्हा सुरू झाले.

आपल्या घरांतील मुलेही मँचेस्टरसाठी रात्री जागतात. खुशाल जागावे, परंतु कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांपेठांतील तालमींचे संघ खेळतात, तेव्हा एखादी संध्याकाळ त्यांच्याही खाती जमा करावी. गावचे मैदान ओस पडल्यावर हळहळण्यापेक्षा ते सोपे आहे.