दिव्यामागचा रंग

दिवाळीला लोक घराला रंग देतात. आम्ही यंदा मोटारीला दिला. घराच्या भिंती तशाच राहिल्या, आणि त्याबद्दल जे ऐकावे लागले ते या सदरात छापण्याजोगे नाही.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात होणाऱ्या फियाट ११०० ला १९७४ साली हे राणीचे नाव मिळाले. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी होऊन राबली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या चाकरीतून कायमची मोकळी झाली. आमची १९८१ सालची. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे मोटार जिल्ह्याहून अठरा वर्षांनी वडील! बाबांनी १९८८ साली ती दुसऱ्या हाताची घेतली तेव्हा पांढरी होती. आईने हट्टाने हिरवी करून घेतली. आई गेल्यापासून ती पडवीत उभी होती.

उन्हाळ्यात बाबांनी सहज विचारले, "दिवाळीला आपल्या गाडीतून नवेगाव बांधला जाता येईल का रे?" बाबांचे वय ८४. अशा प्रश्नाला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता येत नाही.

इंजिन महिनाभरात बोलू लागले. पत्रा मात्र गंजला होता. शेजारचे मिस्त्री रविवारी शिकवायला येऊ लागले. त्यांचा पहिला धडा असा, की रुपयातले चौदा आणे काम घासण्याचे, रंगाचे दोनच आणे. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा, प्राइमर द्यायचा, खळग्यांत पुट्टी भरायची आणि वॉटर पेपरने पाणी लावून घासत बसायचे. प्राइमरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासले, की जिथे काळे उरते तिथे खळगा आहे असे समजावे. इतका प्रामाणिक चुगलखोर मी दुसरा पाहिला नाही.

बॉनेट तयार होताच माझा धीर सुटला. जुन्या दाराचा तुकडा दाखवून दुकानातून तंतोतंत तसा फिका हिरवा रंग करून आणला होता. ऑगस्टमध्ये पावसाने एक दिवस उघडीप दिली, तेव्हा मी मिस्त्रींना न विचारता फवारा मारला. पाच मिनिटांत बॉनेटवर दुधाची साय धरली!

मिस्त्री हसले. "भाऊ, तुम्ही घाई करून राहिले. हा रंग पावसाचा वैरी हाये."

कारण साधे आहे. हा सेल्युलोजचा रंग. कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया करून त्याचा मूळ पदार्थ होतो. १९२३ साली अमेरिकेत 'ड्यूको' नावाने तो मोटारींवर आला आणि जे वार्निश वाळायला आठवडे लागत, ते काम तासांवर आले. आपल्याकडे ड्यूको हे फवाऱ्याच्या रंगाचेच नाव होऊन बसले. त्यातले थिनर झपाट्याने उडते, उडताना पत्र्यातली उष्णता घेऊन जाते, आणि गार तांब्याला बाहेरून घाम यावा तशी हवेतली वाफ ओल्या रंगावर दव होऊन बसते. मिस्त्रींचे आजोबा लाखेच्या चपडीचे पॉलिश करीत. आमच्या भागात पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाख होते. "आजा श्रावणात खुर्चीले हात लावत नसे," मिस्त्री म्हणाले. स्पिरिटमधली लाखही दमट हवेत अशीच पांढरी पडते.

बाबा काठी टेकत आले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा बाकी. बराच वेळ पाहून म्हणाले, "पांढरी पडली ते राहू दे. पण रंगच हा नव्हे. लोंबी येण्याआधीच्या बांधीचा हिरवा तुझ्या आईने निवडला होता."

मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "बाबा, दाराशी जुळवून आणलाय." ते काही बोलले नाहीत. त्यांचे डोळे अधू, वय झालेले. मनातल्या मनात मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

चार दिवसांनी मागची बाजू घासायला घेतली आणि मागचा दिवा काढला. रबराखाली बोटभर पट्टी होती. गर्द, ओली वाटावी अशी हिरवी. जुन्या रंगाऱ्याने दिवे काढूनच रंग मारला होता, त्याचे भले होवो. बाकीची मोटार इतकी वर्षे उन्हात फिकी होत गेली होती आणि मी त्या फिकेपणाशीच रंग जुळवला होता. चूक डोळ्यांची होती, पण माझ्या. संध्याकाळी बाबांपुढे दिवा धरून ती पट्टी दाखवली. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, एवढेच.

गोंदियात रंगाला मुहूर्त फार थोडा. पाऊस संपल्यावर आणि नव्या धानावर गिरण्या जोमाने सुरू होण्याआधी. नंतर हवेत कोंडा उडतो आणि ओल्या रंगावर येऊन बसतो. त्या मधल्या दिवसांत, दव वाळल्यावर, अंगण शिंपडून धूळ बसवली आणि बंदूक पत्र्यापासून वीतभर दूर धरून पातळ हात दिले. तोंडाला रुमाल नव्हे, वाफा शोषणाऱ्या डब्यांचा मुखवटा लावला. थिनर पेट घेते म्हणून सौभाग्यवतींच्या पणत्याही परसात पाठवल्या. त्यावरून जे झाले, तेही छापण्याजोगे नाही. रंग जरा दाणेदार आला. इंग्रज याला संत्र्याची साल म्हणतात. नागपूरच्या शेजाऱ्यांनी त्याचे वाईट काय वाटून घ्यावे? बारीक वॉटर पेपर आणि पॉलिशने ती साल उतरली.

भाऊबीजेला नवेगावला गेलो. वाटेत एका बांधीत उशिराचे धान अजून हिरवे होते. बाबांनी गाडी थांबवायला लावली, काच खाली केली, एकदा दाराकडे आणि एकदा धानाकडे पाहिले आणि म्हणाले, "चल."

मागच्या दिव्याखालची ती जुनी पट्टी मी घासलेली नाही. दिव्याखाली अंधार असतो असे म्हणतात. आमच्या दिव्याखाली आई निघाली.