बाळंतपणाची उचल

बाळंतपणाच्या रजेचा अर्ज आला की काही कंपन्यांचा एचआर विभाग आणखी एक कागद पुढे सरकवतो. रजा संपल्यावर रुजू होईन, अमुक महिने काम करीन. मध्येच राजीनामा दिला तर रजेतला पगार परत करीन, अशा अर्थाचा. खाली सहीची जागा. आठव्या महिन्यातली बाई अशा वेळी वाद घालत बसत नाही. सही करते.

कागदाची रीत ऊसतोडीच्या उचलीची आहे. आधी पैसे घ्या, मग राबून फेडा. पण २६ आठवड्यांचा हा पगार उचल नाही. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. म्हणजे कायद्याची अट झालेल्या कामाची आहे, व्हायच्या कामाची नाही. हा हक्क कशानं बुडतो, तेही कायद्यात लिहिलेलं आहे. मंजूर रजेच्या काळात बाई दुसरीकडे कामाला गेली, तर तेवढ्या दिवसांचा बुडतो. १९६१च्या प्रसूतिलाभ कायद्यात हे होतं, २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. राजीनामा दिला म्हणून पगार वसूल करा, असं दोन्हींत कुठेच नाही. नोटिशीचा काळ जरूर मागा. तो नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकालाच असतो. कायद्यापलीकडे काही जादा दिलं असेल, तर त्याच्या परतफेडीचा करारही समजू शकतो. ब्रिटनमध्ये तसं चालतं. कायद्यानं ठरलेली रक्कम मात्र तिथेही परत मागता येत नाही.

मालकांची कुरकुर ठाऊक आहे. सहा महिने पगार मोजला आणि बाई आलीच नाही. खर्च खरा आहे. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेरच्या नोकरीत तो सगळा मालकाच्याच खिशातून जातो. पण हे भांडण सरकारशी आहे. १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी या खर्चाचा बराचसा भार सरकारनं उचलावा, असं म्हटलं होतं. मालकांच्या संघटनांनी ती मागणी आजही लावून धरावी. त्यासाठी दिल्लीत खेटे घालावे लागतील. गरोदर बाईची सही घेणं त्याहून सोपं आहे, एवढंच.

आणि ती राजीनामा का देते, हे विचारायला त्या कागदावर रकाना नसतो. सहा महिन्यांचं मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न तिच्या एकटीचा ठरतो. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करावी, तिथे दिवसातून चार वेळा जायची आईला मुभा द्यावी, हेही कायद्यातच आहे. पगार परत मागणाऱ्या कंपन्यांनी त्याच कागदावर, सहीच्या वर, आपल्या पाळणाघराचा पत्ता छापावा.