‘सोडा एकत्र, जमवून घेतील’

घरात एक मांजर नांदत असताना दुसरे आणले, की रत्नागिरीत बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : दोघांना एकत्र सोडा, दोन दिवस फिसकारतील, एखादा ओरखडा निघेल, मग आपोआप जमवून घेतील. हा सल्ला आज चुकीचा आहे. पण तो अडाणीपणाचा नाही. ज्या घरात तो जन्माला आला त्या घरात त्याला आधार होता, आणि तो आधार कोणता हे पाहिल्याशिवाय त्याचे खंडन पुरे होत नाही.

सल्ला देणाऱ्यांची बाजू अशी. वाडीतल्या कौलारू घरांत पिढ्यान्‌पिढ्या दोन-दोन, चार-चार मांजरे राहिली. त्यांची ओळख कोणी करून दिली नाही. भाटी माळ्यावर व्यायची, पिल्ले तोंडात धरून सात घरे फिरवायची, त्यांतले एखादे पुन्हा त्याच चुलीपाशी येऊन बसायचे. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी उतरते, तिथेही मांजरे घोळक्याने वावरतात. एवढी मांजरे कोणी न शिकवता एकत्र राहत असतील, तर फ्लॅटमधल्या दोघांसाठी वेगळी खोली आणि पंधरा दिवसांचा खटाटोप कशाला?

दोन्ही दाखले खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

आधी बंदरावरचा घोळका. मोकाट मांजरांच्या समूहांचा अभ्यास झाला आहे. अशा समूहाचा गाभा नात्यातल्या माद्यांचा असतो : आई, मुली, बहिणी. अन्न एका जागी मुबलक पडते म्हणून त्या एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लेही पाजतात. बाहेरून आलेल्या मांजराला मात्र त्या हुसकावतात. त्याला आत शिरकाव मिळालाच तर तो बरेच दिवस कडेकडेने वावरल्यावर मिळतो. घरात आणलेले दुसरे मांजर हे असे बाहेरचेच असते. बंदराचा दाखला त्यामुळे सल्ल्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

याचे मूळ मांजराच्या वंशात आहे. पाळीव मांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आले. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारांवर उंदीर जमले आणि उंदरांमागे ते माणसाजवळ आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ती जागा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची आहे. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. एक उंदीर म्हणजे एका तोंडचा घास, त्यात वाटेकरी नाही. कुत्र्याच्या पूर्वजांना कळपात राहण्यासाठी भांडण मिटवण्याच्या खुणा लागल्या. मांजराच्या पूर्वजांना त्यांची फारशी गरज पडली नाही. मांजराचा तंटा मिटतो तो अंतर राखून. गाल घासून, नख्यांनी ओरबाडून, मूत्र मारून ते वास ठेवते. दुसरे तो वास वाचते आणि वाट किंवा वेळ बदलते.

आता वाडीतले घर. तिथे हे अंतर फुकट मिळत होते. ओटी, पडवी, माजघर, माळा, मागे परडे, पलीकडे मांगर आणि गोठा. एक मांजर दुपारी बांगडे साफ करताना हजर व्हायचे, दुसरे रात्री निजानीज झाल्यावर. हरलेले मांजर शेजारच्या पडवीत राहायला जायचे. कित्येक बोके ‘कुठेतरी गेले’ आणि परत आले नाहीत. त्यांची मोजदाद कोणी केली नाही. ‘जमवून घेतले’ याचा अर्थ बहुतेक वेळा एकाने घर सोडले, असाच होता.

नाचण्यातल्या किंवा कुवारबावातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला परडे नाही, मांगर नाही. बाल्कनीला जाळी, दाराला लॅच. तिथे हरलेल्या मांजराला जायला जागा म्हणजे पलंगाखाली. ते तिथेच बसते, खायला येत नाही, कारण दुसरे दाराच्या उंबऱ्यावर नुसते टक लावून बसलेले असते. आवाज नाही, रक्त नाही, म्हणून घरचे समजतात की जमले. मग अंथरुणावर लघवी होऊ लागते. पुष्कळदा ती खोड नसून ताणामुळे मूत्राशयाला आलेली सूज असते. बोक्याची लघवी तर पूर्ण अडू शकते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पण ‘वाईट सवयीचे मांजर’ असा शिक्का बसतो आणि एके दिवशी त्याला पोत्यात घालून लांब सोडले जाते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६०च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सल्ला देणारा या टोकापर्यंत सोबत येत नाही.

दुसरी समजूत : एकाच ताटलीत दूध ठेवा, शेजारी बसून पितील आणि मैत्री होईल. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याला परक्याच्या तोंडाला तोंड लावून खायला बसवणे हाच ताण आहे. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते. तिसरी समजूत : बोका आणि भाटी असली की भांडण होत नाही. नर-मादीपेक्षा दोघांचे निर्बीजीकरण झाले आहे का, हे जास्त महत्त्वाचे; न झालेल्या जोडीची मैत्री सुमारे नऊ आठवड्यांत पिल्लांपर्यंत पोहोचते.

चौथी समजूत जरा खोल आहे : मांजराला घराची ओढ, माणसाची नाही, म्हणून नव्या घरात ते रुळतच नाही. जागेची ओढ असते, हे खरे. मात्र अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवले, की अनोळखी खोलीत आपले माणूस परत आले की सुमारे ६४ टक्के पिल्ले निर्धास्त होतात. नव्या घरात पहिला आधार माणसाचाच असतो. तो मिळायला शांत कोपरा मात्र हवा.

आता काय करावे ते. वाडीच्या घराने जे अंतर जागेने दिले, ते बंद घरात दारांनी आणि दिवसांनी द्यायचे असते. नव्या मांजराला पहिले दहा-पंधरा दिवस स्वतंत्र खोली द्यावी. त्यात पाणी, खाणे, लपायला आडवा ठेवलेला खोका, आणि खाण्यापासून दूर वाळूचे किंवा लाकडाच्या भुशाचे घमेले. कौलारू घरात एक अडचण येते : आतल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत आणि मांजर वाशांवरून सहज पलीकडे उतरते. तिथे वरून बंद असलेली खोलीच निवडावी. हा काळ रोगासाठीही लागतो. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि लस न घेतलेली पिल्ले त्याने झपाट्याने मरतात. नवे मांजर गुरांच्या दवाखान्यात दाखवून, लस आणि जंतांचे औषध दिल्यावरच पुढे जावे.

या काळात ओळख वासाने सुरू होते. एकाच्या अंगाखालची गोधडी दुसऱ्याच्या खोलीत न्यावी. ती हुंगून मांजर तिच्यावर निजले, की पुढची पायरी. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खाणे ठेवावे, आधी दारापासून दूर, रोज थोडे जवळ. त्यानंतर खोल्या अदलाबदल कराव्यात, म्हणजे नव्याला घर कळते आणि जुन्याला नव्याचा वास. नजरभेट शेवटी, जाळीतून किंवा साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून, पाच मिनिटे. एखादे फिसकारणे चालते. टक लावणे, अंग फुगवणे, खाणे सोडणे दिसले, की एक पायरी मागे यावे. कोणाला तीन आठवडे लागतात, कोणाला तीन महिने, आणि घाई केली की वेळ वाढते. झुंज लागलीच तर हात मध्ये घालू नये; पुठ्ठा आडवा धरावा.

दोन मांजरांना तीन घमेली, वेगवेगळ्या जागी. खाण्याच्या ताटल्या दोन, एकमेकींच्या नजरेआड. बसायला उंच जागा, कारण माळा गेला तरी माळ्याची गरज गेली नाही. लघवीची जागा फिनेलने पुसू नये : फिनेल मांजराच्या शरीराला विषारी आहे. साबणाच्या पाण्याने धुऊन ऊन दाखवावे. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा अंथरूणच त्या खोलीतून काढावे. आणि गणपतीत चाकरमानी आले, घर भरले, फटाके सुरू झाले, की ओळखीचे काम थांबवावे. घाबरलेले मांजर त्या भीतीचा संबंध समोरच्या मांजराशी जोडते.

इतके करूनही काही जोड्या मित्र होत नाहीत. एक खिडकीत, एक कपाटावर; दोघेही पोटभर खातात, कोणी लपून बसत नाही, लघवी घमेल्यात होते. एवढे साधले तरी ओळख यशस्वी झाली. ज्या घरात एक मोकळी खोली आणि एवढे दिवस देता येत नाहीत, त्या घराने दुसरे मांजर आणू नये.