हजेरीपटाबाहेरची मुले

ठाणे जिल्ह्यातील कुपोषण म्हटले की १९९२ साली गाजलेले वावर-वांगणीचे बालमृत्यू आठवतात. तो जव्हार तालुका. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार-मोखाड्याबरोबर ही चर्चाही तिकडे गेली. शहापूर-मुरबाडच्या कातकरी, ठाकूर पाड्यांवरची भूक मात्र जागची हलली नाही.

योजनांनी काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. पण त्या भाताबरोबर काय? पावसाळ्यात खेकडे, टाकळा, कुर्डू. एरवी सुकट, तीही परवडली तर. पोट भरते, अंग भरत नाही.

म्हणूनच २०१५ ची अमृत आहार योजना मोलाची. गरोदर आणि बाळंतिणीला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण, पुढे मुलांना अंडी वा केळी. कोरड्या आहाराचे पाकीट घरी गेले की ते साऱ्या घराचे होते. अंगणवाडीत वाढलेले ताट तिचे एकटीचे. घरी सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. मात्र योजना आदिवासी क्षेत्रापुरती. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका सबंध अनुसूचित, मुरबाडची फक्त ७७ गावे. भूक काही आदेश वाचून लागत नाही!

खरी गोम पुढेच आहे. भातकापणी उरकली, दिवाळी सरली, की उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोराचे नाव पाड्यावरच्या हजेरीपटावर, वजनकाटा तिथे, अंडीही तिथेच, पोर भट्टीवर. रेशन आता परगावच्या दुकानातही घेता येते. स्थलांतरितांच्या नोंदीसाठी राज्याने ॲपही काढले. पण नोंद झाली म्हणजे ताट वाढले, असे नाही.

उचल घेतली जाते ती बहुधा पावसाळ्यात, हाती पैसा नसताना. खावटी योजना याच दिवसांसाठी होती. २०२० मध्ये कर्जाऐवजी कुटुंबाला ४ हजारांचे अनुदान जाहीर झाले, निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपात. तेवढ्याने मुकादम कसा हटणार? रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच करणाऱ्या राज्याने कापणी संपताच पाड्याजवळ काम काढावे आणि मजुरी आठवड्याला द्यावी. तरीही जे जातील त्यांचे काय? भट्टीवाल्याकडून मातीचे स्वामित्वधन तहसील कार्यालय वसूल करतेच. त्याच वेळी भट्टीवरच्या सहा वर्षांखालील मुलांची यादी मागून घ्यावी, ती जवळच्या अंगणवाडीला द्यावी आणि तिथला आहार डिसेंबरपासूनच वाढवून पाठवावा.