कोण आहे तिकडे?

आपल्या घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. शरयूच्या काठी अंधारात पाण्याचा आवाज आला. तरुण दशरथाला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा एकुलता आधार असलेला श्रावणबाळ कोसळला. पंडूने हरणांच्या जोडीवर बाण टाकला. हरणाच्या रूपात होता किंदम ऋषी. आणि यादवकुळाच्या अखेरीस, रानात एकटाच विसावलेल्या श्रीकृष्णाला जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून बाण मारला.

तिन्ही गोष्टींत नेम अचूक होता. चुकली ती ओळख. कीर्तनकार या कथांतून शाप, कर्म आणि नियती यांचा अर्थ उलगडतात आणि तो त्यांच्या जागी योग्यच आहे. पण मला या कथा वाचताना अलीकडे वेगळेच जाणवू लागले आहे. इतक्या जुन्या काळी, धनुष्यबाणाच्या जमान्यातही, शिकारीतला सर्वांत भयंकर अपघात कोणता हे आपल्या पूर्वजांना नेमके ठाऊक होते. पाहण्याआधी मारणे, हाच तो अपघात.

तो इतिहासजमा झालेला नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावातली काही मंडळी रानडुकराच्या शिकारीला गेली होती. त्यांच्यातलेच काहीजण मागाहून येत होते. झाडीत हालचाल झाली, डुक्कर आले असे वाटले आणि गोळी सुटली. ती लागली आपल्याच गावच्या माणसाला, आणि तो दगावला. शिकारच बेकायदा, त्यामुळे पोलिसांकडे जायची भीती. मृतदेह झाडीत दडवला गेला आणि प्रकार उजेडात यायला काही दिवस जावे लागले. श्रावणबाळाच्या आईबापांपर्यंत दशरथ निदान स्वतः पाण्याचा घडा घेऊन गेला होता.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात बसून हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपवली, मग बंदूक कशी धरावी याची चर्चा कोणासाठी? प्रश्न रास्त आहे. पण कायद्याने शिकार थांबली तरी बंदूक गावातून गेलेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे आणि रोही यांना वनखात्याची लेखी परवानगी घेऊन मारण्याची वाटही कायद्याने ठेवली आहे आणि राज्य सरकारने २०१५ साली तिची कार्यपद्धती ठरवून दिली. परवान्याशिवाय फिरणाऱ्या गावठी बंदुका वेगळ्याच.

आपल्या जिल्ह्यातला कन्नड, सोयगाव, खुलताबादचा डोंगरपट्टा आणि त्याला लागून असलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य डोळ्यांपुढे आणा. डोंगराच्या पायथ्याशी मका, ज्वारी, भुईमूग. रात्री डुकरांचा कळप शिरला की उभे पीक आडवे होते. त्याच वेळी शेतात माणूसही असतो, कारण शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. दारे धरायला वाकलेला, थंडीमुळे काळ्या घोंगडीची खोळ घेतलेला, मक्याच्या ताटांतून सरकणारा माणूस चाळीस पावलांवरून कसा दिसत असेल? बंदूक घेऊन बसलेल्याला जे दिसण्याची अपेक्षा असते, तसाच तो दिसतो. आपला डोळा अर्धे पाहतो आणि उरलेले मन भरून काढते, सगळा धोका इथेच आहे.

विजेरीच्या झोतावर विसंबून राहण्यातही अर्थ नाही. झोतात जनावराचे डोळे चमकतात हे खरे. पण ते कुत्र्याचे, गाईचे, कोल्ह्याचेही चमकतात. आणि माणसाचे तसे चमकत नाहीत. म्हणजे ज्याला वाचवायचे, तोच झोतात सर्वांत कमी दिसतो.

म्हणूनच जगभरातले जबाबदार शिकारी बंदुकीआधी दुर्बीण हातात घ्यायला शिकवतात. रायफलवर बसवलेली दुर्बीण या कामाची नाही. तिच्यातून जिकडे पाहावे, तिकडे नळीचे तोंड आपोआप वळते. झाडीत काय हालते आहे हे तिच्यातून पाहायला जावे आणि तो माणूस निघावा, तर आपण भरलेली बंदूक माणसावर रोखून मोकळे झालेलो असतो. शोधायचे आणि ओळखायचे ते गळ्यातल्या दुर्बिणीने; बंदुकीवरची दुर्बीण ओळख पूर्ण पटल्यानंतर, फक्त नेमासाठी.

दुर्बीण कशी निवडावी, हेही थोडक्यात सांगतो, कारण ते मुलांना पक्षी दाखवू इच्छिणाऱ्या आईवडिलांच्याही उपयोगाचे आहे. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, तर १०×२५ च्या खिशातल्या दुर्बिणीत अवघी अडीच. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते. तेव्हा तिन्हीसांजेला लहान दुर्बीण अंधारीच वाटणार. जास्त पटीचाही मोह नको. चित्र थरथरते आणि आजूबाजूचे दिसेनासे होते. धोका तर बहुधा त्या आजूबाजूलाच असतो.

वापरण्याचीही रीत आहे. आधी उघड्या डोळ्यांनी जागा हेरावी, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी. मग शेताचे पट्टे पाडल्यासारखे सावकाश पाहत जावे. रानात बहुतेक रेषा उभ्या असतात. जनावराची पाठ आडवी असते. तेव्हा आधी आडवी रेषा शोधावी, नंतर कान, शेपूट, पाय. सगळे जुळेपर्यंत ते 'काहीतरी' आहे, डुक्कर नव्हे. आणि दुर्बीण डोळ्यांना लावण्यापूर्वी बंदूक रिकामी करून सुरक्षित ठेवलेली हवी. एका वेळी दोन्ही हातांत दोन कामे नकोत.

बंदुकीचे नियम तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे, मग ती आत्ताच तपासली असली तरी. जे मारायचे नाही त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळू देऊ नये. बार करायचे पक्के ठरेपर्यंत चापावर बोट जाऊ नये. लक्ष्याच्या पलीकडे काय आहे हे ठाऊक असावे, कारण बाविसासारख्या लहान रायफलची गोळीसुद्धा एक किलोमीटरहून लांब जाऊ शकते आणि पलीकडच्या वस्तीवर दिवा लागलेला असतो. बांध, कुंपण, ओढा ओलांडताना आणि माळ्यावर चढताना काडतूस बाहेर. दारूला बंदूक संपेपर्यंत मज्जाव. घरी बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या. आणि कितीही खात्री वाटली तरी नुसत्या आवाजावर, नुसत्या हालचालीवर बार करू नये.

अनुभवी माणसाला हे सांगायला लागत नाही, असा एक समज आहे. तो खोटा आहे. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेले होते. ते जुने शिकारी. बंदूक उत्तम, सोबत सुरक्षारक्षक. उडालेल्या पक्ष्यामागे ते वळले आणि बार झाला तो त्यांचे ७८ वर्षांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर. व्हिटिंग्टन वाचले, हे नशीब. हुद्दा, पैसा, सराव यांपैकी काहीही पलीकडे कोण उभे आहे हे पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. न्यूयॉर्क राज्याने १९४९ सालापासून तरुण शिकाऱ्यांना परवान्याआधी सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे केले, ते याच जाणिवेतून. आपल्याकडेही २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घालून दिले आहे. पण ज्या घरात आजोबांपासून बंदूक आहे, त्या घरातल्या नातवाला ते कोणी शिकवले आहे का, हा प्रश्न उरतोच.

यावर शेतकरी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. "साहेब, तुम्ही शहरात बसून दुर्बिणीच्या गोष्टी सांगता. इथं एका रात्रीत मका झोपतो, त्याचं काय?" त्याचा राग खोटा नाही. नुकसानीचे पंचनामे वेळेवर होतील आणि भरपाई पुरेशी मिळेल, तर रात्री जीव धोक्यात घालून राखण करायची पाळी कमी येईल. दिवसा वीज मिळाली तर अंधारात दारे धरायला कोणी जाणार नाही. हे सरकारचे काम आहे आणि ते सरकारला बजावलेच पाहिजे. पण तोवर बंदूक चालणार असेल, तर तिच्यासमोर येणारा माणूसही शेतकरीच असणार आहे. सावधगिरीचा हा आग्रह त्याच्याच जिवासाठी आहे.

काही गोष्टी तर बिनखर्चाच्या आहेत. ज्या रात्री वनखात्याच्या परवानगीने बंदूकधारी शिवारात जाणार, त्या रात्रीची सूचना गावाला असावी. पूर्वी दवंडी होती, आता व्हॉट्सअ‍ॅप आहे. कोणाच्या वावरात कोण पाणी देत आहे, याची यादी त्याच्या खिशात असावी. एकदा ठरलेली जागा कोणी न सांगता सोडू नये. आणि परवानगीचा कागद हाती देण्याआधी अधिकाऱ्याने एवढेच विचारावे, "दुर्बीण आहे का?" चांगल्या बंदुकीच्या मानाने ती फार महाग नसते.

या संदर्भात आपल्या शहरातल्या एका नावाची आठवण द्यावीशी वाटते. दिल्ली दरवाजाजवळचे तळे आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखले जाते. डॉ. सलीम अली शिकारीची आवड असलेल्या घरात वाढले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली; तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना, म्हणून मुलगा ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथून एका आयुष्याची दिशा ठरली. आधी मारले, मग विचारले, असा तो क्रम होता. पुढे अभ्यासाचे नमुने मिळवण्यासाठी त्यांनी बंदूक वापरली, तेव्हाची ती पद्धतच होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी केली, तीही तशीच. पण त्यांच्या पुस्तकांनी पुढच्या पिढ्यांच्या हाती दिली ती दुर्बीण. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर मी जातो, तेव्हा रोहित पक्षी आणि चक्रवाक पाहायला आलेली शाळकरी मुले दिसतात. दुर्बीण एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येकजण सांगतो, "थांब, नीट पाहू दे." हे 'थांब' मला फार मोलाचे वाटते. ते ज्याच्या अंगी मुरले, तो उद्या पोलीस झाला, वनरक्षक झाला किंवा रात्री शेत राखायला बसला, तरी त्याचे बोट घाईने चापावर जाणार नाही.

दिवाळीत किंवा मुंजीत पोराला छऱ्याची बंदूक घेऊन देण्याचा विचार असेल, तर त्याऐवजी एक साधी दुर्बीण घ्यावी, अशी मी आईवडिलांना विनंती करतो.

आणि ज्यांच्या हाती बंदूक आहेच, त्यांना एक जुनी गोष्ट आठवून द्यायची आहे. आपल्याकडचा राखणदार माळ्यावरून पहिल्यांदा हाळी देतो, "कोण हाय रं तिकडं?" डुक्कर असेल तर पळेल. माणूस असेल तर ओ देईल. दशरथाने तेवढे विचारले असते, तर श्रावणबाळ घडा भरून परत गेला असता.