उभ्या माणसाचा गुन्हा कोणता?

आगाशीसारख्या गावात मैदानाच्या कडेला उभे राहूनच फुटबॉल पाहिला जातो. त्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही. तोच प्रेक्षक स्टेडियमात गेला की मात्र ‘सर्वांना खुर्च्यांवर बसवा’ हा उपदेश सुरू होतो आणि दाखला हिल्सबरोचा (१९८९). तेथील चेंगराचेंगरीने ९७ बळी घेतले हे खरे. परंतु २०१६ मध्ये ज्यूरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरवून पोलिसांच्या चुकांवर बोट ठेवले. २०२२ पासून इंग्लंडनेच कठडे बसवलेल्या जागी उभे राहण्यास पुन्हा मुभा दिली. माणसे मारते ती उभी गर्दी नव्हे, न मोजलेली गर्दी! कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरही प्रेक्षकाला हवेत ते भक्कम कठडे, मर्यादित तिकिटे, मोकळे दरवाजे. ते न देता खुर्ची पुढे करणे म्हणजे आयोजकांनी आपली जबाबदारी प्रेक्षकाच्या माथी मारणे होय.